एकशिंगी हरण्याचं ऑपरेशन

"शिंगाला हात लावायचा न्हाई, मॅडम."

सरपंच असं म्हणाले तेव्हा माझा हात शिंगापासून वीतभर अंतरावर होता. मी तो पुढं नेला नाही आणि मागंही घेतला नाही. समोर पांढराशुभ्र खिलार बैल उभा होता. अंगावर झूल, गळ्यात घुंगरं, पायाशी नारळांचा ढीग. डोक्यावर एकच शिंग, सरळ आभाळाकडं गेलेलं, हळदीकुंकवानं माखलेलं. आणि डाव्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पू गळत होता.

मी जनावरांची डॉक्टर. राहते सांगलीत, पण काम जास्त आटपाडी, खानापूर आणि पलीकडच्या साताऱ्याच्या माण तालुक्यात. हे गाव दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. मला बोलावलं होतं सुभेदार नानांनी. नाना फौजेतून रिटायर झालेले, बैल त्यांचा. फोनवर ते एवढंच म्हणाले होते, "बैल डोकं भिंतीला घासतोय. रात्रंदिवस. बघून जावा."

"सरपंच," नाना म्हणाले, "देव गावाचा असंल, पण बैल माझा हाय. मॅडम, चेक करा."

सरपंच बाजूला झाले. मी शिंगाच्या बुडाला हात लावला. बूड गरम लागलं. बोटानं वाजवलं तर आवाज भरीव आला, पोकळ यायला हवा होता. बैलानं डोकं झटकलं. शिंग हाताला थोडं हललं. शिंग हलत नसतं.

पुढचं कळायला शिंग कसं असतं ते सांगावं लागेल. वरून दिसतं ते कवच, आपल्या नखाच्या जातीचं. आत हाडाचा गाभा. मोठ्या जनावरात हा गाभा पोकळ होतो आणि ती पोकळी कपाळातल्या सायनसला जोडलेली असते. सायनस नाकात उघडतो. त्यामुळं शिंगात काही सडलं की ते नाकातून बाहेर येतं. खिलार बैलांमध्ये, विशेषतः खच्ची केलेल्या बैलांमध्ये, शिंगाचा कॅन्सर आम्हाला नवीन नाही. लवकर सापडला तर शिंग बुडापासून कापायचं, नंतर इंजेक्शनं द्यायची, बैल वाचतो. उशीर झाला तर कपाळाचं हाड पोखरलं जातं. मग काही करता येत नाही.

हे शिंग कापण्यात अडचण एवढीच होती की गाव त्याच्यापुढं नारळ फोडत होतं.

बैलाचं नाव हरण्या. नानांनी त्याची हकिकत सांगितली. वासरू असताना उजव्या बाजूचं शिंग फुटायच्या आधीच गोठ्याच्या दारात चेमटलं. तिथं शिंग आलंच नाही. डावं वाढलं ते मधोमध कललं. खिलारची शिंगं मुळात बुडाशी जवळजवळ असतात, त्यामुळं समोरून बघितलं तर कपाळाच्या मधून निघाल्यासारखं वाटे. तेव्हा गावानं त्याला अपशकुनी ठरवलं होतं. बाजारात नेला तर गिऱ्हाईक लांबूनच हात जोडायचं. नाना तेव्हा पठाणकोटला होते. त्यांच्या मंडळींनी, म्हणजे अक्कांनी, तो सांभाळला.

मग एका कोरड्या उन्हाळ्यात हरण्यानं ओढ्यात जागा दाखवली आणि तिथं खोदल्यावर पाणी लागलं. टँकरची वाट बघणाऱ्या गावाला पाणी लागलं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी अपशकुनी बैल देव झाला. देवळातल्या गुरवकाकांनी त्याला शृंगी ऋषीचा अवतार म्हटलं. हरिणीच्या पोटी जन्मलेला, डोक्यावर शिंग असलेला, ज्याच्या पावलानं दुष्काळी राज्यात पाऊस पडला तो ऋषी. दुष्काळी गावाला ही गोष्ट बरोबर बसली.

इथवर माझी काही हरकत नव्हती. हरकत वाटली ती शिंगाखाली ठेवलेल्या तांब्याकडं बघितल्यावर.

"हे कशाला?"

"शिंगावरनं पाणी सोडत्यात," गुरवकाका म्हणाले. "विंचवाला, सापाला. जहर उतरतं."

"पितात?"

"व्हय. प्यायचंच असतंय."

मी नानांकडं बघितलं. नानांनी मान खाली घालून सांगितलं. मागच्या महिन्यात साप चावलेल्या एका माणसाला आधी इथं आणलं होतं आणि मग विट्याच्या दवाखान्यात नेलं होतं. वाचला, पण थोडक्यात.

शिंगाच्या बुडाशी बारीक सुई घालून मी पेशी काढल्या. त्याला एफएनएसी म्हणतात. काचेवर पसरल्या आणि मिरजेला गेले.

मिरजेत डॉक्टर नसरीन पॅथॉलॉजिस्ट आहे. माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती माणसांच्या पेशी बघते, पण माझ्यासाठी तिनं म्हशी, कुत्री आणि एकदा एक मोरही बघितलाय.

"पेशंट कोण गं?" सूक्ष्मदर्शकात डोळा घालत तिनं विचारलं.

"बैल. शिवाय देव."

तिनं बराच वेळ बघितलं. "देव आजारी आहे तुझा. कॅन्सरच आहे. स्क्वेमस जातीचा. काढ लवकर."

मी तिला शिंगाच्या पाण्याचं सांगितलं. ती खुर्चीत मागं रेलून हसायला लागली.

"अगं, आमच्या दादाजींच्या दवाखान्यात बरणीत शिंगाचा तुकडा होता. ते हकीम होते ना. करकदनचं शिंग म्हणायचे. उगाळून दिलं की विष उतरतं म्हणून लोक लांबून यायचे."

"करकदन म्हणजे?"

"मूळचा आपला गेंडा. पण इराणात, अरबस्तानात ज्यांनी गेंडा बघितला नाही त्यांनी त्याच्यात भर घातली. हत्तीला शिंगावर उचलणारा. कुणाला न आवरणारा. फक्त होला पक्षी घुमायला लागला की त्या झाडाखाली येऊन शांत पडून राहणारा."

"आणि तो तुकडा?"

"एमडी करताना मीच तपासला. म्हशीचं शिंग होतं."

मग तिनं मला वाचायला काय काय दिलं. पुढचे काही दिवस मी जमेल तसं वाचत राहिले. ऑपरेशन कसं करायचं हे मला ठाऊक होतं. ते गावाला कसं सांगायचं हे ठाऊक नव्हतं.

सभा देवळासमोरच्या मंडपात भरली. जत्रा तोंडावर होती. नवा फ्लेक्स लागला होता. त्यात पुढं हरण्या, बाजूला सरपंच हात जोडून. पाठीमागं गुलाबी आयाळीचा पांढरा घोडा, कपाळावर पिळाचं शिंग, डोक्यावर इंद्रधनुष्य.

"हा घोडा कुठनं आला?" मी विचारलं.

"विट्याच्या फ्लेक्सवाल्यानं टाकला," सरपंच म्हणाले. "नेटवर 'एकशिंगी देव' घातलं की ह्योच येतोय म्हणं."

मी रिपोर्ट सांगितला. कॅन्सर म्हटल्यावर लोक चुकचुकले. शिंग कापायचं म्हटल्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

"जत्रा होऊ द्या, मग बघू," सरपंच म्हणाले. "पावणं येणार, दुकानं लागणार. देवच न्हाई तर जत्रा कशाची?"

"जत्रेपर्यंत हाड पोखरलं तर मग कापूनही उपयोग नाही."

गुरवकाका उठले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण सगळे ऐकायचे. "मॅडम, तुमचं शास्त्र बराबर असंल. आमचंबी एक हाय. खंडित मूर्ती पुजत न्हाईत. शिंग गेलं की मूर्ती खंडित. मग त्येला पाण्यात सोडायचा का?"

हा खरा मुद्दा होता. गाव बैलाशी दुष्टपणानं वागत नव्हतं. शिंग गेलं तर हरण्या पुन्हा अपशकुनी होईल, ही भीती नानांच्या चेहऱ्यावरही दिसत होती.

मी फ्लेक्सजवळ गेले.

"काका, ह्या घोड्याला तुम्ही ओळखता?"

"न्हाई बा."

"हा हरण्याचाच भाऊबंद आहे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात सिंधू संस्कृतीचा शिक्का असतो. आठवतो? त्याच्यावर एक शिंगाचा बैल. कुणी म्हणतं तो देव, कुणी म्हणतं दोन शिंगांचा बैल बाजूनं काढला म्हणून एकच दिसतं. हजारो वर्षांपूर्वीचा. पुढं ग्रीसच्या एका वैद्यानं लिहिलं, हिंदुस्थानात एक शिंगाचं रानगाढव असतं, त्याच्या शिंगाच्या पेल्यातून प्यालं की विष बाधत नाही. तो वैद्य हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. इराणात बसून ऐकलेलं लिहिलं."

"म्हंजे आमच्या तांब्याचंच," मागनं कुणीतरी म्हणालं.

"तांब्याचंच. तुम्ही त्याचं ऐकलं नाही, त्यानं तुमचं ऐकलं नाही. तरी गोष्ट एकच. मग युरोपात त्या गाढवाचा घोडा झाला. पांढरा. पायाला खूर बोकडासारखे फाटलेले. शिकाऱ्याला सापडायचा नाही, पण कुमारिका दिसली की तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा. राजेलोक त्याचं शिंग सोन्याच्या भावानं घ्यायचे, जेवणात विष आहे का बघायला. ते शिंग कशाचं निघालं सांगू? उत्तरेच्या बर्फाच्या समुद्रात एक देवमासा असतो, त्याचा दात."

लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "फशीवलं की राजाला."

"चीनमध्ये तो हरणासारखा, अंगावर खवले. इतका मऊ की गवतावर पाय देत नाही. थोर माणूस जन्मायचा असेल तेव्हाच दिसतो. आणि आता तो लहान पोरींच्या दप्तरावर आणि केकवर आलाय. हा असा, गुलाबी."

"माझा पोरगा पुण्यात युनिकॉर्न कंपनीत हाय," सरपंच म्हणाले. "त्ये हेच का?"

"हेच. फार मोठी झालेली कंपनी, क्वचित सापडणारी, म्हणून ह्या एकशिंगी घोड्याचं इंग्रजी नाव. आता ह्यात तर जनावरसुद्धा राहिलं नाही. काका, मी एवढंच म्हणते, ह्यानं किती रूपं बदलली. गाढव झाला, घोडा झाला, हरीण झाला, कंपनी झाला. कुठंच खंडित झाला नाही."

गुरवकाकांनी मान हलवली, पण नकाराची. "पर शिंग कुठं सुटलं त्येचं? सगळीकडं शिंग हायच की. आन् आमच्या हरण्यानं शिंगानंच पाणी काढलं. त्ये शिंग कापायचं?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी इतकं वाचून आले होते आणि त्यांनी एका वाक्यात मला अडवलं होतं.

मंडपाच्या कडेला बायका बसल्या होत्या. त्यांतून अक्का बोलल्या.

"शिंगानं न्हाई. खुरानं."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"काय म्हणालीस?" नाना म्हणाले.

"खुरानं उकरलं त्यानं. म्होरल्या उजव्या पायानं. वाळू वली लागली तवा मी हात घालून बघितलं आन् गावात सांगत आली. मीच हुती तितं, दुसरं कोण हुतं? शिंग कुठं लावलं त्यानं? शिंग आभाळाकडं, वाळूला कसं लागंल?"

मंडपात कुजबुज सुरू झाली. एकानं सांगितलं, मी अमक्याकडनं ऐकलं शिंगानं. अमका म्हणाला, मी तमक्याकडनं. तमका म्हणाला, मला गुरवकाकांनी सांगितलं. गुरवकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांना नक्की कुणी सांगितलं ते त्यांना आठवेना.

"मग इतके दिस बोलली का न्हाईस?" नाना जरा चिडूनच म्हणाले.

"मला कुणी इचारलं?" अक्का म्हणाल्या. "तुमी पठाणकोटला. गाव आलं त्ये खोदायलाच लागलं. पुन्ना सगळी शिंग शिंग म्हणायला लागली. मी म्हणलं, देवाची गोष्ट हाय, आपण कशाला मधी बोलायचं. पर आता त्येच्या जिवावर बेतलंय. मुकं जनावर भिंतीला डोकं फोडून घेतंय. आता बोलणार."

गुरवकाकांनी टोपी पुन्हा घातली.

"मग खूर अखंड हाय की," ते म्हणाले. "चारीबी. मूर्तीला काय झालं?"

सगळा मंडप हसला. सरपंचसुद्धा. त्यांनी शेवटचं एक विचारलं, "जत्रेला उभा ऱ्हाईल का पर?"

"उभा राहील," मी म्हणाले. मनात म्हणाले, राहायलाच पाहिजे.

दोन दिवसांनी सकाळी नानांच्या खळ्यात ऑपरेशन केलं. आदल्या दिवसापासून हरण्याला उपाशी ठेवलं होतं. मोठ्या जनावराला पूर्ण झोपवत नाहीत. गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, दोरानं आडवं पाडायचं आणि शिंगाची नस बधिर करायची. ही नस डोळ्याच्या मागून हाडाच्या कडेकडेनं शिंगाकडं जाते. तिथं सुई बरोबर लागली की शिंगाचं दुखणं बैलाला कळत नाही. नाना डोकं धरून बसले. माझ्याबरोबर मदतीला आमचे ड्रेसर होते. बाकी गाव भिंतीवर, छपरावर आणि बाभळीवर.

बुडाशी कातडी कापून सोडवली. मग तारेची करवत लावली. ही करवत म्हणजे पिळाची तार, दोन्ही टोकांना मुठी. शिंग हाडासकट कापते. अर्ध्यावर आल्यावर रक्ताची चिळकांडी उडाली ती थेट माझ्या चष्म्यावर.

"मॅडम, लय हाय रक्त," नाना म्हणाले.

"दिसतंय मला. डोकं सोडू नका."

"न्हाई सोडत."

धमनी हाडाच्या आत ओढली गेली होती. चिमटा निसटत होता. बैल मोठा श्वास टाकत होता. मी बोट दाबून धरलं, ड्रेसरला चष्मा पुसायला लावला आणि पुन्हा चिमटा घातला. तिसऱ्यांदा धमनी सापडली. बांधली. रक्त थांबलं. करवत पुढं चालली आणि शिंग माझ्या हातात आलं.

मी ते उलटं करून दाखवलं. आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ होती, काळपट लाल, घाण वासाची. गुरवकाका जवळ आले. नाकाला उपरणं लावून त्यांनी बघितलं.

"हे देवाचं न्हवं," ते म्हणाले. "हे काढलं त्ये बरं झालं."

बुडाचं हाड मात्र पांढरं, टणक, स्वच्छ होतं. मी नानांना म्हणाले, "नाना, वेळेत आलो आपण." सुभेदारसाहेबांनी उलट्या हातानं डोळे पुसले. हात रक्ताचा होता, त्यामुळं चेहरा होळीसारखा झाला.

सायनस धुतला, कातडी ओढून शिवली. शिंग सरपंचांना देवळात ठेवायचं होतं. मी नाही म्हणाले. आठवड्यात कुणीतरी ते उगाळून प्यायलं असतं. चुना घालून खोल पुरलं. गुरवकाकांनी त्याच्यावर फूल वाहिलं. माझी हरकत नव्हती.

उन्हं उतरली तेव्हा हरण्या उठला. चारी पायांवर. अक्कांनी कडब्याचं एक धाट हातानं पुढं केलं. त्यानं हुंगलं आणि खाल्लं. भिंतीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इतकी ऑपरेशनं केलीत, टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या.

बुडाचा तुकडा नसरीनकडं पाठवला. "कापलेली कड साफ आहे, कॅन्सर नाही," तिचा फोन आला. "देवाला सलाम सांग." पुढं काही आठवडे मी शिरेतून कॅन्सरचं इंजेक्शन देत राहिले. हरण्यानं दर वेळी मला ओळखून तोंड फिरवलं. नाकातला पू थांबला. भिंतीला डोकं घासणं थांबलं.

इंजेक्शनं चालू असतानाच जत्रा आली. हरण्या पालखीच्या पुढं चालला. डोक्यावर शिंगाच्या जागी फक्त गोल वण. गर्दी मागच्या वर्षाहून जास्त होती, असं सरपंच ज्याला त्याला सांगत होते. मंडपात फ्लेक्स नवा होता. हरण्याचा फोटो नवा, बिनशिंगाचा. मागं इंद्रधनुष्य तेच आणि घोडाही तोच, पण त्याचं शिंग फ्लेक्सवाल्यानं पुसून टाकलं होतं. साधा पांढरा घोडा, गुलाबी आयाळीचा, जरा गोंधळलेला दिसत होता.

दुसरा एक फ्लेक्स दवाखान्याच्या रस्त्याला तोंड करून लावला होता. त्याच्यावर लिहिलं होतं: 'साप चावला तर आधी हॉस्पिटल, मग हरण्याचं दर्शन.' ते शब्द सरपंचांचे. माझ्याकडून दुरुस्तीला काही नव्हतं.

मी भेळ घेऊन देवळामागं उभी होते. गुरवकाका पाव्हण्यांना गोष्ट सांगत होते. "गावावरलं सगळं जहर त्यानं शिंगात घेतलं. शिंग भरलं. मग एक दिस त्यानं डाक्टरीणबाईला बोलावणं धाडलं आन् म्हणला, ह्ये घ्या. देऊन टाकलं. पर खूर बगा त्येचं. खूर अखंड हाय."

बोलावणं नानांनी धाडलं होतं आणि घ्या म्हणून कुणीच म्हणालं नव्हतं. मी भेळ खात राहिले. पाव्हणे वाकून खुराला हात लावत होते, पाणी कुणी पीत नव्हतं, आणि बैल रवंथ करत होता. अशा गोष्टीत डॉक्टरनं काय दुरुस्त करायचं?

त्यानंतर आजूबाजूच्या गावांतून शेतकरी बैल लवकर आणायला लागले. शिंग गरम लागतंय, जरा कललंय, एवढ्यावरच. हरण्या आजही धडधाकट आहे. हलकं काम करतो, बेंदराच्या सणाला मिरवतो.

कॉलेजातली मुलं आता माझ्याकडं शिकायला येतात. ती विचारतात, मॅडम, गावाला पटवलं कसं? मी सांगते, मी नाही पटवलं. मी जगभरच्या एकशिंग्यांचं सांगितलं, त्यानं लोकांची करमणूक झाली. बैल वाचला तो अक्कांमुळं. आमच्या धंद्यात पेशंट बोलत नाही, म्हणून मालकाकडून आजाराची हिस्ट्री घ्यायची असते. मालक, सरपंच, पुजारी सगळे हिस्ट्री सांगतात आणि भरभरून सांगतात. ती ऐकून घ्यावी. मग जनावराला रोज वैरण कोण टाकतं ते शोधावं आणि त्या माणसाला विचारावं.